वाळा की नागरमोथा? वाणाच्या सुगंधी पुरचुंडीत काय भरावं

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हाताने शिवलेल्या सुगंधी पुरचुंड्यांचं वाण द्यायचं ठरवलं, की कापड आणि नाडी लगेच सुचते. अडतं ते आत काय भरायचं तिथे. दादरच्या किंवा गिरगावच्या काष्ठौषधींच्या दुकानात ‘साड्यांत ठेवायला सुगंधी मुळं द्या’ असं मोघम सांगितलं, तर कधी वाळा हातात पडतो, कधी नागरमोथा. दोन्ही मातकट तपकिरी, दोन्ही उटण्यात पडणारे, आणि पूड केलेली असली तर पाहून सांगणं कठीणच. त्यामुळे एकाच्या जागी दुसरं चालून जाईल असं वाटतं. उटण्यात थोडं इकडेतिकडे झालं तरी निभतं. पुरचुंडीत मात्र या दोघांना कापड वेगळं लागतं, टाका वेगळा लागतो आणि पावसाळ्यातली वागणूकही वेगळी लागते.

याचं कारण जमिनीखाली आहे. वाळा हे गवत. त्याच्या पात्यांना वास जवळजवळ नसतो. सगळा सुगंध सरळ खाली खोल जाणाऱ्या बारीक, चिवट मुळांत असतो. उन्हाळ्यात माठात सोडायला आपण जी जुडी आणतो तीच ही मुळं. नागरमोथा दिसायला गवतासारखा असला तरी तो लव्हाळ्याच्या कुळातला. त्याचा दांडा बोटांत फिरवून पाहिला तर तीन कडा लागतात. आपण वापरतो त्या त्याच्या काळपट गाठी खरं तर मुळं नाहीतच, ते जमिनीखालचं खोड आहे. झाड आपलं अन्न पिठाच्या, म्हणजे स्टार्चच्या रूपात तिथे साठवून ठेवतं. वाळा म्हणजे नुसते तंतू आणि नागरमोथा म्हणजे अन्नाचं कोठार, हे एकदा लक्षात ठेवलं की शिवणातले पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

आधी वासाविषयी. वाळ्याचा वास ओलसर मातीचा, किंचित गोडसर आणि गार. नागरमोथ्याचा कोरडा, लाकडासारखा, थोडा धुरकट, मसाल्याकडे झुकणारा. अभ्यंगाच्या पहाटे न्हाणीघरात जो वास भरतो त्यातला खालचा गडद भाग बराचसा याचा असतो. दोघांच्याही तेलातले मुख्य घटक जड असतात, सावकाश उडतात. म्हणून गुलाबाच्या पाकळ्या किंवा लिंबाची साल लवकर निवते आणि ही दोन्ही महिनोन्‌महिने टिकतात. अत्तरांतही ही दोन्ही तेलं वास धरून ठेवण्यासाठी वापरतात. पण वाण ज्यांना द्यायचं त्या सगळ्यांची आवड आपल्याला ठाऊक नसते. वाळा सहसा कुणाला नकोसा होत नाही. नुसता नागरमोथा काहींना औषधी वाटतो. मला दोन्ही आवडतात, तरी दुसऱ्याच्या साड्यांत ठेवायला मी वाळाच निवडेन.

आता शिवण. वाळ्याच्या पुरचुंडीला ५ इंच रुंद आणि १३ इंच लांब अशी पट्टी घ्या. दोन्ही टोकं आधी एकेक इंच आत दुमडून नाडीची वाट शिवून घ्या, मग पट्टी मधोमध उलटी दुमडून बाजूंना अर्धा इंच सोडून धावदोरा घाला. उलटवली की ४ इंच रुंद आणि साडेपाच इंच उंच पिशवी तयार होते. बाजूच्या शिलाईत नाडीच्या वाटेची तोंडं शिवली जाणार नाहीत एवढं पाहा. टीप त्या वाटेखालीच थांबवा. कापड मलमल असेल तर दुहेरी घ्या, कारण वाळ्याची टोकं तारेसारखी टोचतात. पातळ कापडातून ती बाहेर येतात आणि रेशमी साडीचा धागा ओढतात. पॉपलीन किंवा मांजरपाट असेल तर एकेरी पुरतं. मंगलदास मार्केटात कटपीस धुंडाळलेत तर पाचपंचवीस पुरचुंड्यांचं कापड सहज निघतं.

वाळा भरताना बहुतेक जण तो कात्रीने बारीक कापतात. तसं करू नका. जितके तुकडे जास्त तितकी टोचणारी टोकं जास्त, आणि धूळही जास्त. मुळं लांबच ठेवा, दोन बोटांभोवती सैलसर गुंडाळा आणि ते वेटोळं चपटं करून आत सरकवा. एका पुरचुंडीला १० ते १२ ग्रॅम वाळा पुष्कळ झाला. तो हलका असतो, जागा व्यापतो. भरण्याआधी मात्र जुडी पाण्यात भरभर हलवून माती काढा, झटका, आणि सावलीत पंख्याखाली पूर्ण कडक होईपर्यंत वाळवा. आतून दमट राहिलेला वाळाही बुरसतो.

नागरमोथ्याचं सगळं याच्या उलट. तो धुवायचा नाही, कारण पाणी त्या गाठींत आतपर्यंत जातं आणि मग नीट सुकणं मुश्कील होतं. कोरड्या फडक्याने पुसायचा आणि खलबत्त्यात तडकवून भरड करायची. अख्ख्या गाठीचा वास आत कोंडून राहतो. मिक्सरमध्ये बारीक पूड केली तर ती कापडातून झिरपते आणि पांढऱ्या साडीवर तपकिरी ठसा उमटवते. म्हणून भरडीला आधी पॉपलीनची आतली पिशवी हवी, तिला धावदोरा नको, उलटी टीप हवी. धावदोऱ्याच्या फटींतून भुकटी गळते. जमत असेल तर शिलाई दोनदा घाला: पहिली कापडाच्या सुलट बाजूने, मग पिशवी उलटून दुसरी, म्हणजे कापडाची कच्ची कड आतच बंद होते. ही पिशवी चारही बाजूंनी शिवून टाकायची आणि वरून खणाची किंवा कशाचीही शोभेची पिशवी चढवायची. एवढं काम एका वाणाला जास्त वाटत असेल तर वाटूच दे. अर्धवट शिवलेली नागरमोथ्याची पुरचुंडी कुणाच्या पैठणीत जाऊ नये.

आणि मुंबईत जून येतोच. जानेवारीत, हळदीकुंकवाच्या दिवसांत, हवा त्यातल्या त्यात कोरडी असते, त्यामुळे देताना दोन्ही पुरचुंड्या सारख्याच चांगल्या वाटतात. पावसाळ्यात हवेतला ओलावा कपाटात शिरला की वाळ्याचा वास उलट जागा होतो. भिजवलेल्या वाळ्याच्या पडद्यांचा वास दरवळतो तो यामुळेच. अधूनमधून बाहेर काढून पंख्याखाली ठेवला की तो पावसाळा काढतो. नागरमोथ्यातलं पीठ मात्र तो ओलावा शोषतं, भरडीचे गोळे होतात, बुरशी येते, आणि मसाल्यांना लागतात तसले बारीक भुंगेरे त्यालाही लागतात. भुंगेरे टाळायचे तर पुरचुंडीत भरण्यापूर्वी भरड घट्ट बंद पिशवीत घालून ती पिशवी आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा, आणि बाहेर काढल्यावर तिचा गारवा पूर्ण गेल्याशिवाय उघडू नका, नाहीतर आत दव धरतं.

दोन्ही एकत्र करायची असतील तर तीन भाग वाळा आणि एक भाग नागरमोथ्याची भरड घ्या. भरड छोट्या बंद पिशवीत, वाळ्याचं वेटोळं तिच्याभोवती. या प्रमाणात नागरमोथा वरचढ होत नाही आणि वाळ्याला खालून चांगला आधार मिळतो. माझ्या मते वाणासाठी ही सर्वांत सुंदर जोडी आहे, फक्त शिवायला वेळ हवा.

विकत घेताना पूड टाळा, मूळ रूपातलंच मागा. पूडच मिळाली तर चिमूटभर बोटांत चोळा: वाळ्याची पूड हलकी, कापसासारखी, तंतू जाणवणारी, नागरमोथ्याची जड आणि रवाळ. वाळ्याची दोनचार मुळं मोडून हुंगा. तेल काढून घेतलेली मुळंही दिसायला तशीच असतात, पण मोडल्यावर त्यांना गवताचा फिका वास येतो.

वाणासोबत एक चिठ्ठी जोडा. वाळ्याची असेल तर ‘महिन्यातून एकदा तळहातात चुरगळा’, नागरमोथा असेल तर ‘पावसाळ्याआधी काढून हवाबंद डब्यात ठेवा, दसऱ्यानंतर परत कपाटात’. डांबरगोळ्या असलेल्या कप्प्यात ठेवू नका, हेही लिहा. त्या वासापुढे दोन्ही हरतात. शिवून झालेल्या पुरचुंड्या हळदीकुंकवापर्यंत स्टीलच्या डब्यांत ठेवा, पण वाळ्याचा डबा वेगळा आणि नागरमोथ्याचा वेगळा. एकत्र राहिल्या तर दोनचार दिवसांत सगळ्यांना नागरमोथ्याचाच वास लागतो.