भिंतीआडचं गुपित आणि मापाचा टेप

रहस्यकथेतल्या जुन्या घरात दडलेली खोली सापडते ती कुणाचा तरी हात चुकून कळीवर पडतो म्हणून. प्रत्यक्षात ती सापडते बेरीज जुळत नाही म्हणून. लपवायचं म्हटलं की नवी वीट, नवा गिलावा, नवी शाई असं काहीतरी वापरावंच लागतं, आणि नवा माल जुन्यात सहसा मिसळून जात नाही.

सुरुवात टेपनं. समजा, घराची बाहेरून लांबी 12 मीटर. आतल्या तीन खोल्या ओळीनं 3.60, 3.40 आणि 3.10 मीटर, म्हणजे 10.10. बाहेरच्या दोन भिंती 45 सेंटीमीटरच्या, आतल्या दोन 23 च्या, म्हणजे 1.36. एकूण 11.46. मग उरलेले 54 सेंटीमीटर गेले कुठे? बहुतेक वेळा उत्तर अगदीच रटाळ असतं: बुजवलेलं धुराडं, नाहीतर पाइपांचा खण. भिंतीची जाडी अंदाजानं धरू नये, दार-खिडकीच्या चौकटीपाशी मोजावी. जुना गिलावा जागोजागी कमीजास्त जाड असतो आणि कोपरे क्वचितच काटकोनात असतात, त्यामुळे आठ-दहा सेंटीमीटरच्या तफावतीवर गोष्ट रचू नये.

ही युक्ती जुनीच. सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये कॅथलिक धर्मगुरूंचा शोध घेणारी पथकं घराची आतली-बाहेरची मापं ताडून पाहत. त्या धर्मगुरूंसाठी लपायच्या जागा बांधणारा निकोलस ओवेन 1606 मध्ये लंडनच्या टॉवर या किल्ल्यात कैदेत असताना छळानं मेला. त्या काळच्या अशा जागा जिन्याखाली किंवा धुराड्यालगत सापडतात. तिथे मापांचा हिशोब मुळातच किचकट असतो.

भिंतीवर टकटक करून पाहणं मात्र फसवं. पोकळ आवाज आला की छातीत धडधडतं, पण विटेपासून सुटलेला गिलावाही तसाच वाजतो. पोकळ भागाची कड खडूनं आखत जावी. वेडीवाकडी आली तर गिलावा सुटलेला असण्याची शक्यता जास्त. दोन सरळ उभ्या रेघा आणि वर आडवी आली तर बुजवलेल्या दाराची शंका घ्यायला जागा आहे.

थर्मल कॅमेऱ्याला भिंतीपलीकडचं दिसत नाही, फक्त पृष्ठभागाचं तापमान दिसतं. पण बुजवलेल्या दाराची वीट आणि भोवतालचा दगड वेगवेगळ्या वेगानं तापतात-निवतात. म्हणून भिंतीवरचं ऊन उतरल्यावर, आत-बाहेर सुमारे 10 अंशांचा फरक असताना पाहावं; सगळं एकाच तापमानाला आलं की चित्र सपाट होतं. ओल बाष्पीभवनानं थंड दिसते आणि दिशाभूल करते. काचेत किंवा चकचकीत धातूत एखादी उबदार मानवी आकृती दिसली तर घाबरू नये, ती बहुधा कॅमेरा धरणाऱ्याचीच असते.

इतकं जुळल्यावरच भोक, तेही विटेत नको, दोन विटांमधल्या दरजेत. 8 ते 10 मिलिमीटरच्या भोकातून एंडोस्कोपची, म्हणजे टोकाला कॅमेरा असलेली, बारीक नळी आत जाते. आधी भिंतीतल्या वीजतारा तपासाव्यात. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा भोकाची जागा ओली ठेवावी आणि धूळ श्वासात जाऊ देऊ नये.

आत कागद निघाले तर घड्या उलगडण्याची घाई नको. जुनी पत्रं पुष्कळदा माजूफळ आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांच्या शाईची असतात. तिच्यातलं आम्ल आणि लोह कागद खातं, आणि पाणी लागलं तर ते लोह आजूबाजूला पसरतं. फिकट झालेली ही अक्षरं अतिनील प्रकाशात काळपट उठून दिसतात, कारण कागद मंद चमकतो आणि शाई तो प्रकाश शोषते. उलट अवरक्त प्रकाशात हीच शाई जवळजवळ नाहीशी होते, काजळीची मात्र काळीच राहते. वरची खाडाखोड एका शाईची आणि खालचा मजकूर दुसरीचा असेल, तर इथेच पडदा फाटतो.

दोन्ही शाया एकाच जातीच्या असतील तर काम अवघड. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत आणि स्वीडिश सरदार फेर्सन यांच्या 1791-92 मधल्या पत्रांतल्या ओळी कुणीतरी गिरगटून टाकल्या होत्या. क्ष-किरणांनी दोन्ही शायांमधलं तांबं आणि लोह यांचं प्रमाण ताडून पाहिल्यावर 15 पैकी 8 पत्रांतला दडलेला मजकूर वाचता आला. हे संशोधन 2021 मध्ये प्रसिद्ध झालं. बाकीच्या पत्रांत शाया फारच सारख्या निघाल्या. गिरगटणाऱ्याची शाई जुळली ती फेर्सनच्या स्वतःच्या लिखाणाशी. पत्रं जाळून टाकणं त्याला सहज जमलं असतं. त्यानं ती जपून ठेवली, फक्त काही ओळी झाकून.