चारचौघांत विणकाम: रस्त्यावरून दिवाणखान्यात आणि पुन्हा रस्त्यावर

रेल्वेच्या डब्यात, दवाखान्यातल्या बाकावर किंवा सभेच्या मागच्या रांगेत पिशवीतून लोकर आणि सुया काढल्या की आजूबाजूला चुळबुळ सुरू होते. कोणी हातांकडे टक लावून बघतं, कोणी 'कुणासाठी विणताय?' असं विचारतं, कोणी आपल्या आजीची आठवण काढतं. 'एवढा वेळ कसा मिळतो तुम्हाला?' असं विचारणारंही एखादं भेटतंच. गेली कित्येक वर्षं मी हे अनुभवते आहे आणि यातल्या बहुतेकांशी माझ्या छान गप्पा झाल्या आहेत. पण या सगळ्यामागे एक समजूत असते, की विणकाम घरात निवांत बसून करायचं असतं. ही समजूत जेमतेम दोनशे वर्षांची आहे. त्याआधी विणकाम उघड्यावरच चालायचं.

त्याचं कारण या कामाच्या घडणीतच आहे. माग जागेवरून हलत नाही. सुया आणि लोकरीचा गुंडा मात्र कुठेही नेता येतात, काम हव्या त्या क्षणी थांबवता येतं आणि हाताला वळण पडलं की नजर दुसरीकडे ठेवता येते. सुयांवर विणलेल्या कापडाचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने नमुने इजिप्तमधले, साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकातले आहेत. तिथून ही कला युरोपात पसरली आणि मोजे विणणं हा गरिबांचा जोडधंदा झाला. जोडधंदा म्हणजे मुख्य काम करता करता करायचं काम. ते करायला वेगळा वेळ कुणाकडे असणार?

उत्तर इंग्लंडमधल्या डेंट खोऱ्यातली माणसं बाजाराला जाताना, गुरांमागे फिरताना, शेजारी गप्पा मारताना विणत असत. त्यासाठी कमरेला एक कोरीव लाकडी म्यान खोचलेलं असे. उजव्या सुईचं टोक त्यात घट्ट बसवलं की सुईचा भार हातावर येत नाही, बोटं फक्त टाके घालत राहतात. चालता चालता विणायचं म्हणजे हे म्यान हवंच. रॉबर्ट सदी या कवीने एकोणिसाव्या शतकात या लोकांबद्दल लिहिलं आणि 'डेंटचे भयंकर विणकर' हा शब्दप्रयोग प्रसिद्ध झाला. इथलं 'भयंकर' आपण 'भयंकर आवडलं' म्हणतो त्यातलं आहे: अफाट वेगाने विणणारे. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर बायका जळणाचे तुकडे भरलेली टोपली पाठीवर घेऊन मैलोन् मैल चालत आणि चालताना विणत. त्यांच्या कमरेला घोड्याचे केस भरलेला, भोकं पाडलेला चामडी पट्टा असे आणि सुईचं टोक त्यातल्या भोकात रुतवलेलं असे. फ्रान्समधल्या लांद या दलदलीच्या माळावर मेंढपाळ उंच काठ्यांवर उभे राहून कळप राखत. मागे एक तिसरी काठी टेकवून तिच्यावर बसत आणि खुशाल मोजे विणत. १८५७च्या कायद्यानंतर त्या माळावर पाइनची जंगलं लावली गेली आणि हळूहळू मेंढपाळ, काठ्या, मोजे सगळंच गेलं.

या माणसांना 'हे काय करताय?' असं कोणी विचारत नसणार, कारण विचारणाऱ्याच्याही हातात सुया असत. जर्सी बेटावर तर सतराव्या शतकाच्या सुरुवातीला विणकाम इतकं बोकाळलं, की सुगीच्या दिवसांत आणि खतासाठी समुद्रशेवाळ गोळा करायच्या हंगामात मोठ्या माणसांनी विणायचं नाही, असा कायदाच करावा लागला. शेतं ओस पडायला लागली होती!

मग विणकाम घरात कधी गेलं? १५८९ साली विल्यम ली या इंग्रजाने मोजे विणायचं यंत्र तयार केलं, पण हातांचं काम त्याने एकदम हिरावलं नाही. दोन-अडीच शतकांत यंत्रं वाढत गेली, पोटासाठी विणणाऱ्यांची कमाई घटत गेली आणि दुसरीकडे, १८३० नंतर, खाऊनपिऊन सुखी घरांतल्या बायकांसाठी विणकामाच्या छापील पुस्तकांची लाट आली. कमरेचं म्यान तिथे गावंढळ ठरलं. बोटं नाजूक दिसावीत म्हणून उजवी सुई लेखणीसारखी धरायची पद्धत रुळली. या पकडीत वेग कमी होतो. मला या सगळ्या इतिहासात हा बदल सर्वांत महत्त्वाचा वाटतो. विणणाऱ्या हातांकडे कोणीतरी बघणार आहे, ते कसे दिसतात याला किंमत आहे, हा विचार इथे विणकामात शिरला. अनोळखी नजरेचं ओझं आपण त्या दिवाणखान्यातून उचललं आहे.

क्रोशाचं विणकाम याच काळातलं. मराठीत दोन सुयांचं काय, क्रोशाच्या एका आकडेवाल्या सुईचं काय किंवा मागावरचं काय, सगळं 'विणणं'च. त्यामुळे बघणाऱ्याचा गोंधळ झाला तरी शब्द चुकत नाही. क्रोशात एका वेळी बहुधा एकच फास सुईवर असतो, म्हणून बस हलली तरी टाके गळायची भीती कमी. आयर्लंडमध्ये १८४५पासून बटाट्याचं पीक सडून दुष्काळ पडला, तेव्हा ख्रिस्ती जोगिणींच्या मठांतून हजारो मुली-बायकांना क्रोशाची लेस शिकवली गेली आणि कित्येक घरं त्यावर तगली. बैठकीतल्या बाईचा विरंगुळा आणि उपाशी घराचा घास, एकच सुई दोन्हीकडे होती.

विणणाऱ्या बाईकडे संशयाने बघायची परंपराही आहे, आणि ती फ्रान्सच्या राज्यक्रांतीतून आली. पॅरिसमधल्या सामान्य बायका सभागृहाच्या सज्जात बसून भाषणं ऐकत, आरडाओरडा करत आणि हातातलं विणकाम चालू ठेवत. त्यांना 'त्रिकोतझ', म्हणजे विणणाऱ्या, असं नाव पडलं. सत्ताधाऱ्यांना त्या नकोशा झाल्या. ऑक्टोबर १७९३मध्ये बायकांच्या राजकीय मंडळांवर बंदी आली आणि मे १७९५मध्ये पाचांहून अधिक बायकांनी रस्त्यावर एकत्र जमायचं नाही, असा हुकूम निघाला. गिलोटिनखाली मुंडकी पडताना शांतपणे विणणारी क्रूर बाई हे चित्र लोकांच्या डोक्यात पक्कं बसवलं ते मात्र चार्ल्स डिकन्सच्या १८५९च्या कादंबरीने. प्रत्यक्षातल्या बायका राजकारण ऐकायला आल्या होत्या आणि हात रिकामे ठेवणं त्यांना परवडत नव्हतं. त्यांच्यावर हा मोठा अन्याय झाला असं मला वाटतं.

दोन महायुद्धांत वारं उलटं फिरलं. खंदकांतल्या चिखलात सैनिकांचे पाय सडत होते, कोरडे लोकरी मोजे कमी पडत होते. ब्रिटनपासून अमेरिकेपर्यंत रेडक्रॉस आणि इतर संस्थांनी लोकांना विणायला बसवलं. गाड्यांत, नाटकगृहांत, शाळांत सुया चालू लागल्या. शाळकरी मुलगे विणत होते, इस्पितळातले जखमी सैनिकही विणत होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट विणकामाची पिशवी घेऊन सगळीकडे वावरत. 'लाइफ' साप्ताहिकाने २४ नोव्हेंबर १९४१च्या अंकाचं मुखपृष्ठच विणकामाला दिलं. अशा दिवसांत विणणाऱ्या बाईकडे बघून कोणी भुवया उंचावत नव्हतं. कुतूहल वाटलंच तर ते रिकाम्या हातांबद्दल.

आणि विणणाऱ्या बाईवर कोणाला शंका येत नाही, हेही उपयोगी पडलं. ब्रिटिश गुप्तहेर फिलिस लातूर मे १९४४मध्ये हवाई छत्रीने नॉर्मंडीत उतरली. सायकलवरून साबण विकणाऱ्या मुलीचं सोंग घेऊन ती जर्मन सैनिकांमध्ये फिरायची. रेशमी कापडावरचे सांकेतिक आकडे ती विणकामाच्या सुईभोवती गुंडाळून केस बांधायच्या नाडीत लपवायची. असे १३५ संदेश तिने पाठवले.

युद्ध संपलं, तयार स्वेटर स्वस्त झाले आणि काही दशकांतच विणकाम म्हणजे आजीचं काम असा शिक्का बसला. आज समोरचा प्रवासी आजीची आठवण काढतो ती इथूनच येते, आणि त्यातली माया खरी असते. मनाला लागतो तो पुढचा प्रश्न, 'हिला दुसरं काही काम नाही का?', तोंडाने विचारलेला किंवा नजरेतला.

२००० सालानंतर तरुण मुलं-मुली मुद्दाम बाहेर येऊन विणायला लागली. लंडनमध्ये काही जणांनी भुयारी रेल्वेच्या गोल फिरणाऱ्या मार्गावर बैठकी भरवल्या. २००५मध्ये अमेरिकेत डॅनिएल लँडेस हिने सार्वजनिक विणकामाचा दिवस सुरू केला. जून महिन्यातला दुसरा शनिवार त्यासाठी ठरला आणि पुढे बऱ्याच देशांत लोक त्या दिवशी बागेत, चौकात एकत्र बसून विणू लागले. त्याच वर्षी ह्यूस्टनमध्ये मॅग्डा सायेग हिने आपल्या दुकानाच्या दाराच्या मुठीला विणलेलं आवरण चढवलं. लोक थांबून बघायला लागले, मग खांब, झाडं, अख्ख्या बसही लोकरीने मढल्या. याच काळात विमानतळांवर मात्र सुया संशयित ठरल्या होत्या. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनंतर त्या हातसामानातून काढून घेतल्या जात. पुढे बऱ्याच ठिकाणी ही बंदी उठली, तरी सुरक्षा तपासणीच्या रांगेत मी अजून लाकडी सुयाच बाळगते.

पुरुषाने विणलं की लोक आजही दुप्पट बघतात. पॅरिसच्या विणकरांच्या धंदेवाईक संघात सोळाव्या शतकात उस्ताद पुरुषच असत आणि पेरूमधल्या ताकिले बेटावर आजही टोप्या पुरुष विणतात, चालता चालता. ऑगस्ट २०२१मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या प्रेक्षकांत बसून टॉम डेली हा पाण्यात सूर मारणारा ब्रिटिश खेळाडू विणताना दिसला आणि ते छायाचित्र जगभर फिरलं. काही दिवसांपूर्वीच त्याने सुवर्णपदक जिंकलं होतं. पदकाला चरे पडू नयेत म्हणून त्याने त्याच्यासाठी छोटी पिशवीही विणली होती, एका बाजूला ब्रिटनचा झेंडा, दुसऱ्या बाजूला जपानचा.