बॉनेटखालून येणारा हवा सुटल्यासारखा आवाज : कारणे, तपासणी व दुरुस्ती

बॉनेटखालून ‘फुस्स’ किंवा ‘सूंऽऽ’ असा आवाज येऊ लागला, की तो नेमका कुठून येतो हे शोधण्याकडे बहुतेकांचा कल असतो. गॅरेजमध्ये आमच्या दृष्टीने मात्र तो केव्हा येतो, ही माहिती अधिक उपयोगाची असते. इंजिन आयडलिंगवर (गाडी उभी, ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू) असताना, ब्रेक दाबल्यावर, चढावर ॲक्सिलरेटर दाबताना की इंजिन बंद केल्यानंतर, एवढे नीट लक्षात ठेवून आपण गाडी आणलीत, तर तपासणीचे निम्मे काम तिथेच होते.

इंजिन बंद केल्यावर थोडा वेळ मंद फुसफुस ऐकू येत असेल आणि त्याआधी एसी चालू असेल, तर तो बहुधा दोषच नसतो. कॉम्प्रेसर थांबल्यावर एसीच्या नळ्यांतील जास्त दाबाचा गॅस एक्स्पान्शन व्हॉल्व्ह या अरुंद झडपेतून कमी दाबाच्या बाजूला जातो आणि दोन्हीकडचा दाब समान झाला, की आवाज आपोआप थांबतो. एसीची थंडाई कमी झाली नसेल, तर यासाठी काहीही बदलण्याची गरज नाही, आणि कोणी बदलायला सांगितल्यास कारण अवश्य विचारावे.

इंजिन बंद केल्यावर येणाऱ्या आवाजाबरोबर वाफ, गोडसर वास किंवा वर चढलेला तापमानाचा काटा असेल, तर मात्र कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) गळत असण्याची शक्यता मोठी असते. साधे पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. पण कूलिंग यंत्रणेत वातावरणाहून सुमारे १ बार अधिक दाब राखलेला असल्याने त्याच पाण्याचा उत्कलनबिंदू १२० अंशांच्या आसपास जातो. हा दाब रेडिएटरच्या किंवा कूलंटच्या टाकीच्या झाकणातील स्प्रिंग आणि रबरी सील सांभाळतात. सील कडक झाले किंवा स्प्रिंग सैल पडली, की दाब वेळेआधीच सुटतो, कूलंट उकळू लागते आणि झाकणापाशी फुसफुस ऐकू येते. म्हणूनच गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये : दाब एकदम उतरताच आतले द्रव क्षणात उकळून अंगावर उडते आणि गंभीर भाजते. गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे व ते पूर्ण थंड होईपर्यंत थांबावे. आम्ही थंड इंजिनावर हातपंपाने दाब देऊन पंपावरील दाबाचा काटा उतरतो का ते पाहतो आणि झाकणाची तपासणी स्वतंत्रपणे करतो. नवे झाकण किंवा होज पाइपची क्लिप बदलून भागत असेल, तर रेडिएटरला हात लावण्याचे कारण उरत नाही.

पेट्रोल इंजिन आयडलिंगवर असताना सतत सूं असा आवाज येत असेल, तर व्हॅक्यूमची गळती तपासावी लागते. या वेळी थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा नियंत्रित करणारी झडप) जवळजवळ बंद असतो, त्यामुळे इंटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत, पोकळी (व्हॅक्यूम) निर्माण होते, आणि चिरलेल्या नळीतून किंवा खराब गॅस्केटमधून (जोडातील सीलमधून) बाहेरची हवा आत खेचली जाते. ही हवा सेन्सरने मोजलेली नसल्याने मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण कमी पडते. आयडलिंग वर-खाली होते, इंजिन मिसिंग करते आणि चेक इंजिनचा दिवा लागू शकतो. स्कॅनरवर अशा वेळी पी ०१७१ हा कोड अनेकदा दिसतो. तो केवळ मिश्रण पातळ असल्याचे सांगतो, गळतीची जागा दाखवत नाही, त्यामुळे कोड पाहून थेट सेन्सर बदलणे आम्हाला योग्य वाटत नाही. इंटेकमध्ये कमी दाबाने धूर सोडला, की तो जिथून बाहेर पडतो ती जागा डोळ्यांना दिसते. घरी शोध घेण्यासाठी गरम इंजिनावर ज्वलनशील स्प्रे मारण्याचा उपाय काही जण सुचवतात. आग लागण्याच्या धोक्यामुळे तो करू नये.

ब्रेक दाबल्यावरच सतत फुसफुस येत असेल आणि पेडल कडक लागत असेल, तर बूस्टरचा (व्हॅक्यूमच्या मदतीने ब्रेक हलका करणाऱ्या भागाचा) रबरी पडदा किंवा त्याची नळी संशयित ठरते. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, मग ते दाबून धरूनच इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले नाही, तर बूस्टरची मदत मिळत नाही, असे समजावे. अशी गाडी चालवत आणू नये; आम्हाला कळवून टो करून आणावी.

टर्बो असलेल्या गाडीत आवाज फक्त जोर लावताना येत असेल आणि पिकअप घटला असेल, तर इंटरकूलरचा (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाचा) पाइप बहुधा सुटलेला किंवा फाटलेला असतो. एक्झॉस्ट गॅस्केट गळल्यास आवाज फट्-फट् अशा ठेक्यात येतो. तो थंड इंजिनावर अधिक स्पष्ट असतो. विषारी धूर केबिनमध्ये शिरू शकत असल्याने ही दुरुस्ती लांबवू नये.

व्हॅक्यूमची गळती काढल्यावरही पहिले काही किलोमीटर आयडलिंग थोडे अस्थिर राहू शकते, कारण इंजिनाच्या संगणकाला इंधनाचे प्रमाण पुन्हा जुळवून घ्यावे लागते. कूलंटची दुरुस्ती झाली असेल, तर दुसऱ्या दिवशी इंजिन थंड असताना टाकीवरील खुणांच्या मधली पातळी पाहावी आणि ती उतरलेली दिसल्यास गाडी पुन्हा दाखवावी.