घोडी उताणी झाली की फुफ्फुसाचं काय होतं

"घोड्याले भूल देल्ली का घोडं गेलंच समजा" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. मागच्या महिन्यात आमच्या गावातल्या वरातीच्या घोडीच्या पोटाखाली गाठ निघाली, डॉक्टर म्हणाले नागपूरला न्या, उताणी करून ऑपरेशन करावं लागेल, आणि पारावर लगेच तेच वाक्य. एक जण म्हणे वरातीत नाचताना नजर लागली तिला, लिंबू उतरवा. दुसरा जरा शिकलेला, तो म्हणाला, "काई नाही होत, आता ऑक्सिजन लावते न बाप्पा!" मला नजरवाल्यापेक्षा या दुसऱ्याशीच भांडावंसं वाटलं, म्हणून हे लिहितोय.

भीती अगदीच खोटी नाही बरं. 2002 मध्ये इंग्लंडमधून एक मोठा अभ्यास आला होता, 41,824 वेळा घोड्यांना दिलेल्या भुलीचा. पोटशूळाचे घोडे वगळले तरी शंभरात जवळपास एक (0.9 टक्के) सात दिवसांत गेला होता, आणि पोटशूळाचे धरले तर 1.9 टक्के. माणसात हा आकडा याच्या जवळपासही नसतो. कारणं बरीच आहेत, हृदय बंद पडतं, उठताना पाय मोडतो, स्वतःच्याच वजनाखाली दबून मांस खराब होतं. पण मला आवडतो तो मुद्दा ऑक्सिजनचा, त्यातली गंमत लोकांना माहीतच नसते.

आधी घोडी उभी असतानाचं चित्र बघा. श्वासाचा पडदा (छाती आणि पोटाच्या मधला) घोड्यात सरळ उभा नसतो, चांगलाच तिरपा असतो. त्यामुळे फुफ्फुसाचा बराच भाग पाठीकडे, वर, आणि आतडी खाली लोंबकळत. या आतड्यांचा पसारा शंभर लिटरच्या वरचा, म्हणजे आपल्या पाण्याच्या निळ्या ड्रमाच्या अर्ध्याहून जास्त. उभी आहे तोवर ते ओझं पोटाची कातडी आणि स्नायू झेलतात. आता तिला भूल देऊन उताणी केली की सगळं उलटं झालं, आतडी वर आणि फुफ्फुसं खाली. स्नायू ढिले पडलेत, पडदा ढिला पडलाय, शंभर लिटरचा ड्रम फुफ्फुसावर ठेवल्यासारखं. खालच्या भागातले हवेचे बारीक कोष चिपकून जातात. कुशीवर झोपवलं तरी खालचं फुफ्फुस असंच दबतं. घोडा जितका जड आणि गोल पोटाचा तितका त्रास जास्त.

बरं, मग शुद्ध ऑक्सिजन दिला की झालं ना? इथंच तो पारावरचा माणूस चुकला.

वरूडकडच्या संत्र्याच्या मंडीचं उदाहरण घ्या. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनचा एक रेणू म्हणजे एक मेटाडोर, त्यात ऑक्सिजनचे चारच क्रेट बसतात, पाचवा बसतच नाही. शरीरात फिरून ती परत येते तेव्हा पूर्ण रिकामी नसते, साधारण तीन क्रेट अजून असतातच, एकच उतरवलेला असतो. आता दहा गाड्या आल्या. सात गाड्या चालू गेटवर गेल्या, चार-चार भरून निघाल्या, झाले 28. तीन गाड्या बंद गेटसमोरून तशाच पुढे गेल्या, तीन-तीन क्रेट घेऊन, म्हणजे 9. एकूण 37, पाहिजे होते 40. आता चालू गेटवर तुम्ही संत्र्याचा डोंगर लावा, हमाल दुप्पट करा, त्या सात गाड्या चारच नेणार! बंद गेटवाल्या तिघींना त्याचा काहीच फायदा नाही. चिपकलेल्या कोषांजवळून जाणारं रक्त म्हणजे त्या तीन गाड्या, आणि याला शंट म्हणतात.

37 भागिले 40 म्हणजे साडेब्याण्णव टक्के, ऑक्सिमीटरवर बरंच दिसतं. पण रक्तातला ऑक्सिजनचा दाब मोजला तर तो येतो पारा 60-65 मिलिमीटरच्या आसपास. निरोगी घोड्याला शुद्ध ऑक्सिजन दिल्यावर हा दाब 500 च्या वर जायला पाहिजे, आणि 60 च्या खाली गेला की धोका म्हणतात. कारण ऑक्सिमीटरचे टक्के आणि हा दाब यांचा संबंध सरळ रेषेचा नसतो, वर सपाट आणि साठच्या खाली घसरगुंडी असते. (ही आलेखाची गोष्ट ज्यांना कंटाळवाणी वाटली त्यांनी सोडून द्या, मेटाडोर लक्षात राहिली तरी पुरे.)

2021 मध्ये कापूर-लवंग-ओव्याची पुरचुंडी हुंगा, ऑक्सिजन वाढते, असे मेसेज गावोगाव फिरले होते, आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर पण. बंद गेट वासानं उघडत नाही हो. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं एवढंच.

आणि शुद्ध ऑक्सिजनची एक उलटी बाजूपण आहे. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजन असतो, तो रक्तात फारसा जात नाही, कोषातच बसून राहतो आणि कोष उघडा ठेवतो. सगळा ऑक्सिजनच भरला तर रक्त तो शोषून घेतं आणि हवा कमी पोचणारा कोष आतून रिकामा होऊन मिटतो. म्हणजे औषधच थोडं गेट लावतं. वरून बंद कोषाकडे जाणाऱ्या शिरा स्वतःहून आकसून रक्त दुसरीकडे वळवत असतात, ती शरीराची युक्ती भुलीच्या वायूनं ढिली पडते.

मग डॉक्टर करतात काय? मशीननं श्वास देतात, श्वास सोडतानाही थोडा दाब ठेवतात म्हणजे कोष मिटू नये, दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल नळीत फवारतात. शक्य तिथं उभ्या उभ्याच गुंगी देऊन काम उरकतात, दातांचं वगैरे. मला सगळ्यात आवडलेली युक्ती स्वीडनमधल्या उप्सालाची. नायट्रिक ऑक्साइड शिरा रुंद करतो, तो प्रत्येक श्वासाच्या सुरुवातीलाच थोडासा सोडायचा. सुरुवातीची हवा फक्त उघड्या कोषात जाते, म्हणून तिथल्याच शिरा रुंद होतात आणि रक्त आपोआप चालू गेटकडे वळतं. गेट उघडायची भानगडच नाही, रस्ताच बदलला.

घोडी अजून नागपूरला गेलेली नाही, मालक सोयाबीनच्या पैशाची वाट बघतोय. परवा मला विचारत होता, "सर, उठन न ते?" मी म्हटलं ऑपरेशननंतर मऊ गादीच्या खोलीत ठेवतात, नाकात ऑक्सिजनची नळी असते, आणि ती एकदम उभी नाही राहत, आधी कुशीवरून छातीवर येऊन बसते. त्याच क्षणी आतडी खाली जातात, फुफ्फुसं वर येतात, आणि उभं राहायच्या आधीच बऱ्याच घोड्यांचा ऑक्सिजन वर चढायला लागतो.