विश्वामित्रीत अ‍ॅलिगेटर नाही, मगर आहे

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला आणि पाण्याबरोबर मगरी बडोद्याच्या सोसायट्यांत शिरल्या. वनखात्याने आणि प्राणीमित्र कार्यकर्त्यांनी दोन डझनांहून जास्त मगरी वस्तीतून सुखरूप उचलल्या. तेव्हा फोनवर जे व्हिडिओ फिरत होते, त्यांतल्या काहींखाली ‘अ‍ॅलिगेटर’ असं लिहिलेलं होतं. कुणी हटकलं की उत्तर तयार: "तोंड बघा केवढं रुंद आहे! रुंद तोंडाचा अ‍ॅलिगेटर, निमुळत्या तोंडाची क्रोकोडाइल." हा नियम क्विझपासून मुलांच्या पुस्तकांपर्यंत सगळीकडे सांगितला जातो. आणि नेमका बडोद्यातच तो फसतो.

अ‍ॅलिगेटर आणि क्रोकोडाइल ही एकाच प्राण्याची दोन नावं नव्हेत. या दोन घराण्यांच्या वाटा डायनोसॉरांच्या काळातच, आठ-नऊ कोटी वर्षांपूर्वी किंवा त्याही आधी, वेगळ्या झाल्या. आज खऱ्या अर्थाने अ‍ॅलिगेटर म्हणाव्यात अशा दोनच जाती उरल्या आहेत. एक अमेरिकेच्या आग्नेय भागात, दुसरी चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यात. भारतातल्या नद्यांत अ‍ॅलिगेटर मुळीच नाही. आपल्याकडे गोड्या पाण्यातली मगर, खाडीतली खाऱ्या पाण्याची मगर आणि लांब नळीसारख्या तोंडाचं घडियाल असे तिघे आहेत. विश्वामित्रीत आहे ती गोड्या पाण्यातली, शास्त्रीय नाव क्रोकोडायलस पॅलुस्ट्रिस. इंग्रजीत तिला ‘मगर’ याच देशी शब्दावरून ‘मगर क्रोकोडाइल’ म्हणतात. मराठीत मात्र अ‍ॅलिगेटरसाठी वेगळा शब्द नाही, कारण तो प्राणीच आपल्या पाण्यात कधी नव्हता. त्यात ‘सुसर’ हा शब्द कुठे घडियालला लावतात, कुठे मगरीलाच. त्यामुळे घोटाळा व्हायला वाव राहतो.

आता तोंडाची गोष्ट. क्रोकोडायलस या प्रजातीतल्या सगळ्या जातींत सर्वांत रुंद तोंड कुणाचं असेल, तर आपल्या मगरीचं. ते अ‍ॅलिगेटरच्या इतकं जवळ जातं की लांबून काढलेल्या फोटोत भलेभले चकतात. याचं कारण असं, की तोंडाचा आकार नात्यापेक्षा खाण्याबद्दल जास्त सांगतो. घडियालला मासे पकडायचे असतात, म्हणून पाण्यातून झपकन फिरवता येईल असा अरुंद जबडा. मासे, कासव, पक्षी, कुत्रा, जे मिळेल ते धरणाऱ्या प्राण्याला पिळवटलं तरी न मोडणारा रुंद जबडा सोयीचा. सारख्या गरजेतून दोन लांबच्या नातलगांचे चेहरे सारखे झाले.

मग ओळखायचं कसं? दात बघायचे, आणि तेही तोंड मिटलेलं असताना. खालच्या जबड्यात पुढून मोजत गेलं तर चौथा दात चांगला मोठा असतो. अ‍ॅलिगेटरचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद, त्यामुळे हा दात वरच्या जबड्यातल्या खळग्यात जाऊन दिसेनासा होतो. मगरीचे दोन्ही जबडे जवळजवळ सारख्या रुंदीचे. तिच्या वरच्या जबड्याला नाकपुड्यांच्या मागे एक खाच असते, त्या खाचेत हा दात बाहेरून बसतो आणि तोंड मिटलं तरी स्पष्ट दिसतो. बडोद्यातल्या काळ्या घोड्याजवळच्या पुलावरून हिवाळ्यात ऊन खात पडलेली मगर दुर्बिणीतून पाहिली तर ही खूण सापडते. फक्त ऊन खाताना ती बरेचदा आ वासून पडलेली असते, तेव्हा थोडा धीर धरावा लागतो.

पण या दोघांतला मला सर्वांत मोहवणारा फरक कातडीत आहे. मगरीचा जबडा जवळून पाहिला तर दोन दिवस दाढी न केलेल्या हनुवटीसारखे त्यावर बारीक काळे ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे मिलिमीटरभर किंवा त्याहून लहान घुमट, आणि प्रत्येक घुमट म्हणजे स्पर्शाचं इंद्रिय. हे काय काम करतं, ते डाफ्ने सोआरेस या संशोधिकेने 2002 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात दाखवून दिलं. तिने अ‍ॅलिगेटरची पिल्लं अंधारात, अर्धी पाण्यात अर्धी वर अशी ठेवली. कानाला काही ऐकू जाऊ नये म्हणून आवाजाचा पडदा उभा केला आणि पाण्यात एकच थेंब सोडला. पिल्लं थेंबाच्या दिशेने वळली, काहींनी झेप घेतली. मग तिने ते ठिपके प्लॅस्टिकच्या लेपाने झाकले. त्यानंतर थेंब पडला तरी कुणी हललं नाही.

यामागची रचना अशी. घुमटावर कातडीचा शिंगासारखा कडक थर फार पातळ असतो, त्यामुळे पाण्याचा हलका दाबही आत पोचतो. आत तीन तऱ्हेचे ग्राहक असतात: मोकळी टोकं असलेले चेतातंतू, मर्केल पेशी आणि कांद्यासारख्या पापुद्र्यांची स्पर्शपुटं. दाब टिकून राहिला तर मर्केल पेशी संदेश पाठवत राहतात. पापुद्र्यांची पुटं मात्र दाब बदलला तरच जागी होतात, म्हणजे ती कंपनं टिपतात. डंकन लीच आणि केनेथ कटानिया यांनी 2012 मध्ये या चेतातंतूंतले विद्युत संदेश थेट मोजले. त्यांतले काही 20 ते 35 हर्ट्झच्या कंपनांना विशेष प्रतिसाद देणारे निघाले, आणि संवेदनक्षमता माणसाच्या बोटाच्या टोकापेक्षाही सरस निघाली. जबड्यावरच्या घुमटांचे संदेश त्रिधारी मज्जातंतूतून मेंदूकडे जातात. हा तंतू जबड्याच्या हाडातल्या बारीक भोकांतून बाहेर येतो आणि हाडातली भोकं जीवाश्मातही टिकतात. म्हणून कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या कवटीकडे पाहून त्या प्राण्याला पाण्यातले तरंग कळत होते का, याचा अंदाज बांधता येतो.

आता फरक. अ‍ॅलिगेटरमध्ये हे घुमट डोक्यावर, मुख्यतः जबड्यांवर असतात, सुमारे 4000. क्रोकोडाइलमध्ये ते जवळजवळ अंगभर, पोटावरच्या आणि पाठीवरच्या खवल्यांवरही असतात. नाईल मगरीत त्यांची संख्या 9000 च्या घरात जाते. पोटावरच्या प्रत्येक खवल्याच्या मागच्या कडेजवळ एक ठिपका दिसला तर ते कातडं क्रोकोडाइलचं, हे चामड्याच्या धंद्यातल्या लोकांनाही चांगलं ठाऊक असतं.

दुसरा फरक जिभेवर. क्रोकोडाइलच्या जिभेवरच्या ग्रंथी रक्तातलं जादा मीठ बाहेर टाकतात. अ‍ॅलिगेटरच्या जिभेवरही तशा ग्रंथी आहेत, पण त्यांचा पाझर क्षीण. म्हणून क्रोकोडाइल समुद्र ओलांडून पसरल्या आणि अमेरिकेतल्या क्रोकोडाइल आफ्रिकेतल्या नाईल मगरीच्या जवळच्या नातलग निघाल्या. थंडीत मात्र अ‍ॅलिगेटर काटक. पाणी गोठलं तर तो नाक बर्फाबाहेर काढून तग धरतो.

गुजरातेत मगर खोडियार मातेचं वाहन मानली जाते. या श्रद्धेमुळे तिथल्या चरोतर भागातल्या कित्येक तळ्यांत मगर आणि माणूस शेजारी राहिले, याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण "देवीचं वाहन आहे, काही करणार नाही" म्हणत कुंकू लावायला जवळ जाणं जिवावर बेतू शकतं. मगरीला हेतू कळत नाही, पाण्यातला तरंग कळतो. तिच्या दातांचे आणि नखांचे ताईत विकणाऱ्यांपासून तर चार हात दूरच राहावं. त्यात औषधी काही नाही, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत मगर असल्याने ते विकणं गुन्हा आहे.

नाव अचूक असण्याची खरी गरज नदीकाठी पडते. अ‍ॅलिगेटरची मादी पालापाचोळा आणि चिखल रचून ढीग करते आणि त्यात अंडी घालते. असं घरटं लांबूनही दिसतं. आपली मगर काठाच्या मातीत खड्डा खणते, त्यात 25-30 अंडी घालते आणि माती सारखी करून टाकते. हा काळ साधारण फेब्रुवारी ते एप्रिलचा, आणि पिल्लं बाहेर येतात ती पावसाच्या तोंडाशी. वरून बघणाऱ्याला तिथे नुसता काठ दिसतो. 2024 च्या पुरानंतर विश्वामित्री खोल आणि रुंद करण्याचं काम 2025 मध्ये सुरू झालं, आणि असं काम उन्हाळ्यातच करावं लागतं, म्हणजे नेमकं अंडी मातीत असताना. अ‍ॅलिगेटरच्या माहितीवरून इथे ढीग शोधत बसलं तर एकही घरटं सापडणार नाही. जेसीबी उतरवण्याआधी मगरींच्या सवयी जाणणाऱ्या माणसांनी काठ पायी फिरून, उताराच्या भुसभुशीत जागा आणि मादीच्या पोटाने पडलेल्या घसरणीच्या खुणा पाहून घरटी शोधावी लागतात आणि तेवढा काठ पिल्लं निघेपर्यंत सोडून द्यावा लागतो.