दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे ग्रीन कार्ड नव्हे

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत कुणाकडेही चहाला गेलं की विषय दोनच निघतात: रिडेव्हलपमेंट आणि मुलांकडे अमेरिकेला जाणं. परवा शेजारच्या काकूंनी पासपोर्ट उघडून व्हिसाचा स्टिकर दाखवला. मुदत थेट २०३५ची. "आता दहा वर्षं बघायला नको," काका म्हणाले.

बघायला हवं. स्टिकरवरची तारीख ही दार ठोठावण्याची मुदत. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, आणि बी-२, म्हणजे व्हिजिटर, व्हिसावर ते सहसा सहा महिने असतात. ही दुसरी तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते. ती आपणच ऑनलाइन उघडून पाहायची. नातवंडाच्या ओढीने तिच्यापुढे परस्पर राहिलात, तर २०३५पर्यंतचा तो व्हिसाच बाद होतो. थांबायचंच असेल तर मुदतवाढीचा अर्ज ती तारीख उलटण्याआधी करावा लागतो.

ग्रीन कार्डाचं, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याच्या परवान्याचं, गणित नेमकं उलटं. व्हिसावर गेलेल्याने वेळेत परतायचं असतं. ग्रीन कार्डवाल्याने तिथेच राहायचं असतं. वर्षभराहून जास्त काळ बाहेर राहिलात आणि जाण्याआधी री-एन्ट्री परमिट, म्हणजे परत येण्याचा परवाना, काढलं नसेल, तर नुसत्या कार्डावर परत आत जाता येत नाही. सहा महिन्यांच्या वर गेलात तरी प्रश्न विचारले जातात. आणि दरवर्षी पंधरा दिवस तोंड दाखवून येण्याची युक्ती चालेल असं समजू नका: मुक्काम मुंबईत आहे असं दिसलं, की वास्तव्य सोडलं असा अर्थ लावता येतो. 'कायम' हा शब्द इथे फसवा आहे.

आईवडिलांना ग्रीन कार्ड मिळण्यासाठी मुलगा किंवा मुलगी अमेरिकेची नागरिक आणि २१ वर्षं पूर्ण असलेली हवी. मुलाकडे नुसतं ग्रीन कार्ड असेल, तर त्याला आईवडिलांसाठी अर्ज करता येत नाही. पात्र असाल तर वार्षिक कोट्याची रांग नाही. म्हणूनच बरेच जण "मिळतंय तर घेऊन ठेवू" म्हणतात, आणि माझ्या मते तिथेच चुकतात. कार्ड हातात आलं की करापुरते तुम्ही अमेरिकेचे रहिवासी. ठाण्यातल्या एफडीचं व्याज तिथल्या रिटर्नमध्ये दाखवायचं. आपल्याकडे करमुक्त असलेलं पीपीएफचं व्याजही. शिवाय परदेशातल्या, म्हणजे आपल्या मुलुंडच्या, खात्यांची एकूण रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर वेगळी माहिती भरावी लागते. निवृत्तीचे पैसे ठेवलेल्या माणसाच्या दोन एफडीच तेवढ्या भरतात.

औषधपाण्याचं म्हणाल, तर कार्ड मिळालं की मेडिकेअर, म्हणजे तिथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, लगेच मिळत नाही. इथून गेलेल्या आईवडिलांना वय ६५ आणि तिथलं सलग ५ वर्षांचं वास्तव्य झाल्यावर ते प्रीमियम भरून घेता येतं. तोवर विमा आपापला.

कॅनडाने घोळ आणखी वाढवलाय. तिथल्या सुपर व्हिसावर आईवडील एका फेरीत ५ वर्षं राहू शकतात, त्यामुळे तो पीआरच, म्हणजे कायम राहण्याचा परवानाच, वाटतो. पण तो व्हिजिटरचाच व्हिसा; किमान १,००,००० कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा आपल्याला काढावा लागतो. पीआरला ५ वर्षांत ७३० दिवस भरले की झालं, तेही सलग नकोत. ये-जा करणाऱ्याला हे अमेरिकेपेक्षा पुष्कळ सोयीचं. फक्त आईवडिलांच्या पीआरसाठी अर्ज करायची सरकारी निमंत्रणं मोजकीच निघतात.

इथलं घर मोडून मुलांजवळच राहायचं ठरलं असेल, किंवा दोघांपैकी एकच मागे उरलं असेल, तर ग्रीन कार्ड जरूर घ्यावं. ज्यांना गणपतीला घरी यायचंय, त्यांना व्हिजिटर व्हिसा पुरतो.

काकांनी ऐकून घेतलं, भिंतीवरचं कालनिर्णय उतरवलं आणि महिने मोजायला लागले. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा, मग निघायचं. "म्हणजे मेच्या आत परत," काकू म्हणाल्या. "आंबे इथेच खाऊ."