आंतरराष्ट्रीय लवाद आणि खटल्यांचा अभ्यास : गोव्यातून सुरुवात करताना

आंतरराष्ट्रीय लवाद आणि परदेशी पक्षकारांशी चालणारे खटले या विषयाकडे वळणारा गोव्यातील कायद्याचा विद्यार्थी बहुधा १९९६ चा लवाद आणि सलोखा कायदा उघडून बसतो, आणि त्यातले दोन भाग वेगळे का ठेवले आहेत हे न कळल्याने तिथेच अडखळतो. माझ्या मते त्याने आरंभ हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापासून करावा; त्या आरंभाचा गोव्याशी थेट संबंध आहे.

दादरा आणि नगर हवेली १९५४ मध्ये पोर्तुगीज अमलातून मुक्त झाल्यावर, दमणहून त्या प्रदेशात जाण्याचा हक्क मागत पोर्तुगालने २२ डिसेंबर १९५५ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा दाखल केला. न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य करणारे घोषणापत्र त्याने अवघे तीन दिवस आधी दिले होते, त्यामुळे भारताच्या प्राथमिक हरकतींवरच १९५७ मध्ये स्वतंत्र निकाल द्यावा लागला. १२ एप्रिल १९६० च्या अंतिम निकालात पेशवाईचे दप्तरही आले : १७७९ च्या पुणे तहाने आणि त्यानंतरच्या सनदांनी मराठ्यांनी पोर्तुगिजांना सार्वभौमत्व दिले नव्हते, केवळ महसुलाचा हक्क दिला होता, असे न्यायालयाने ठरवले. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्यापुरता मार्गाचा हक्क मान्य झाला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे यांना तो नाकारला गेला, आणि भारताने कर्तव्यभंग केलेला नाही असा निर्णय झाला. अधिकारक्षेत्र, रूढी आणि जुन्या कागदपत्रांचे पुराव्यातले वजन हे तिन्ही प्रश्न एकाच निकालात सापडत असल्याने पहिल्या वाचनासाठी याहून सोयीचे प्रकरण मला दिसत नाही.

मात्र हा दोन राष्ट्रांमधला वाद होता. व्यापाऱ्यांमधल्या लवादाचा इतिहास निराळा आहे आणि दोन्हींची सरमिसळ करू नये. जिनिव्हाचा १९२३ चा प्रोटोकॉल आणि १९२७ चा करार भारतात १९३७ च्या कायद्याने लागू झाले. त्या व्यवस्थेत लवादाचा निवाडा जिथे दिला गेला तिथे तो अंतिम ठरल्याचे दाखवणे भाग असे, त्यामुळे व्यवहारात दोन देशांच्या न्यायालयांत खेटे घालावे लागत. १९५८ च्या न्यूयॉर्क कराराने ही अट काढली, आणि भारताने त्यासाठी १९६१ चा कायदा केला. त्याच वर्षाच्या १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला, तरी न्यायालयांचे कामकाज काही वर्षे पोर्तुगीज दिवाणी प्रक्रियेनेच चालले; भारतीय दिवाणी प्रक्रिया संहिता आणि १९४० चा लवाद कायदा इथे आणण्यासाठी संसदेला १९६५ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. गोव्यातील जुने निकाल वाचताना हे विसरले की संदर्भ चुकतात.

संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने १९८५ मध्ये आदर्श कायदा तयार केला. १९९६ चा भारतीय कायदा त्यावर बेतलेला आहे. पहिला भाग मुख्यतः भारतात चालणाऱ्या लवादाचा, तर दुसरा परदेशी निवाड्यांच्या अंमलबजावणीचा. ही सीमारेषा सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या भाटिया इंटरनॅशनल निकालाने पुसट केली आणि ६ सप्टेंबर २०१२ च्या भारत ॲल्युमिनियम निकालाने पुन्हा आखली, पण त्या तारखेनंतरच्या लवाद करारांपुरतीच. म्हणून कोणताही निकाल वापरण्याआधी मूळ कराराची तारीख पाहावी. शिवाय २०१५ च्या दुरुस्तीने परदेशात चालणाऱ्या लवादासाठीही, पक्षकारांनी उलट ठरवले नसल्यास, भारतीय न्यायालयाकडे अंतरिम संरक्षण मागण्याची वाट उघडली.

परदेशी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा शोध वेगळ्या ठिकाणी, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ आणि ४४अ मध्ये घ्यावा लागतो. कलम ४४अ खाली अधिसूचित देशांच्या वरिष्ठ न्यायालयांचे हुकूमनामेच इथे थेट बजावता येतात. पोर्तुगाल त्या यादीत नसल्याने लिस्बनचा हुकूमनामा हाती असलेल्याला त्याच्या आधारे इथे नवा दावा लावावा लागतो. याउलट गोव्यात टिकून राहिलेली १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता परदेशी कायदा नसून भारतीय कायदाच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.